आबांनी पाहिलेला जपानी राक्षस

माझ्या सासऱ्यांचा जपानशी आयुष्यात दोनदाच संबंध आला. एकदा फवारणीच्या पंपामुळे आणि दुसऱ्यांदा सिनेमामुळे. पंप चांगला होता, असं ते अजून सांगतात. सिनेमाबद्दल मात्र त्यांचं मत जरा लांबलं, आणि त्या लांबलेल्या मतात आमच्या घरातली बावीस वर्षांची एक गाठ सुटली.

माझी मुलगी दिशा कॉलेजात सिनेमा शिकते. म्हणजे आम्ही त्या वयात जे घरी न सांगता करायचो, ते ती हजेरी लावून करते. तर तिला काम मिळालं होतं की एक सिनेमा निवडायचा, तसला सिनेमा जन्मात बघणार नाही अशा माणसाला तो दाखवायचा आणि त्याचं मत फोनवर रेकॉर्ड करून आणायचं. वर्गातल्या मुलांनी कुणी कामवाल्या मावशी गाठल्या, कुणी वॉचमन. दिशानं आजोबा गाठले. सिनेमा निवडला तो जपानी राक्षसाचा. समुद्रातून वर येतो, शहर तुडवतो आणि परत जातो. यात गोष्ट काय, असं मी विचारलं तर म्हणाली, मम्मी, तुला प्रत्येक गोष्टीत सासू-सून लागते.

आबांचं नाव भिमाजी, वय शहात्तर. वणीच्या पुढे डोंगराखाली आमचं गाव आहे. टोमॅटो, घेवडा आणि झेंडू यांत त्यांचा जन्म गेला. सासूबाई गेल्या, डावा गुडघा कामातून गेला, तेव्हा आम्ही त्यांना नाशकात गंगापूर रोडला आमच्याकडे आणलं. मी पंचवटीतली, फुलवाल्यांच्या घरातली. लग्नाचे मंडप आणि गाड्या सजवायचा माझा धंदा आहे. रोज सकाळी आबा माझ्या माळा हातात घेऊन बघतात आणि एवढी विरळ माळ गावात कुणी बैलालाही घालणार नाही, असं सांगतात. मी ऐकून घेते. चांगल्या झेंडूची पारख त्यांच्याइतकी नाशकात कुणाला नाही, हे मलाही माहीत आहे.

आता बोहाड्याबद्दल सांगते. आमच्या गावात अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बोहाडा असतो. देवांची आणि राक्षसांची सोंगं मोठमोठे मुखवटे लावून संबळ-पिपाणीच्या तालावर गावभर नाचत निघतात. कुठलं सोंग कुठल्या घरानं घ्यायचं हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे. आमच्या घराकडे महिषासुराचा मान. लाकडी मुखवटा, त्याला रेड्याची शिंगं, आणि वजन तर विचारूच नका. आतल्याला धड काही दिसत नाही. म्हणून सोंगाच्या कमरेला पटका बांधतात, आणि त्याचं टोक हातात धरून घरातलाच एक माणूस पुढे चालतो. पटका ताणला की वळायचं, झटका बसला की थांबायचं. आबांनी हे सोंग पस्तीस वर्षं नाचवलं.

मग एका वर्षी त्यांनी ते मुलाला दिलं. म्हणजे माझ्या नवऱ्याला, योगेशला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि आमचं लग्न ठरायचं होतं. देवळाजवळच्या वळणावर, भर गर्दीत, महिषासुर चरात पडला. मुखवट्याचं एक शिंग मोडलं. देवी यायच्या आतच महिषासुर मेला म्हणून गाव हसलं. आमच्या हळदीतसुद्धा बायकांनी तो विनोद मला तीनदा सांगितला. पोरगं घाबरलं, असंच सगळे म्हणत. योगेशनं त्यानंतर बोहाड्याला पाऊल ठेवलं नाही. अंबडच्या कंपनीत लागला, तिथंच सुपरवायझर झाला, आणि गावाचा विषय निघाला की त्याला नेमकं गाडीत हवा भरायला जायचं असतं.

गुडघा जाईपर्यंत आबा पुन्हा स्वतःच नाचले. मग दोन वर्षं सोंग निघालंच नाही. यंदा वाल्मीकभाऊजींचा फोन आला. वाल्मीक म्हणजे योगेशचा चुलतभाऊ, तो आता बोहाड्याच्या पंचांत आहे. त्याचं म्हणणं सरळ होतं. पुढच्या रविवारी बैठक आहे. तुमच्या घरातून कुणाचं नाव येत नसेल तर महिषासुराचा मान वरच्या आळीला जाईल. एकदा गेलेला मान परत येत नाही.

आबांनी फोनवर सांगून टाकलं की मीच घेतो. ज्या माणसाला बाथरूमची पायरी उतरताना भिंत लागते, तो मण-दीड मणाचा मुखवटा घेऊन नाचणार होता. डॉक्टरांनी जमिनीवर बसायचीसुद्धा बंदी केलेली. मी योगेशकडे बघितलं. तो हवा भरायला गेला.

हे सगळं चालू असतानाच दिशाला तिच्या राक्षसाची घाई. बैठकीच्या आदल्या रविवारी दुपारी मी, ती आणि आबा मॉलमधल्या थिएटरात गेलो. आबांनी धुतलेलं धोतर आणि इस्त्रीची टोपी घातली होती. सरकत्या जिन्याला त्यांनी नकार दिला, लिफ्टमध्ये देवाचं नाव घेतलं आणि खुर्चीत बसल्यावर ती मागे कलते हे कळल्यावर दहा मिनिटं पुढे-मागे करून बघितली. पॉपकॉर्न त्यांना फुटाण्यापेक्षा फिकं वाटलं, तरी डबा त्यांनीच संपवला.

सिनेमा सुरू झाला. पहिली वीस मिनिटं सूट घातलेली माणसं टेबलाभोवती बसून काळजी करत होती. मग समुद्र फुगला आणि तो वर आला. सरडा आणि रेडा यांच्या मधलं काहीतरी, डोक्यावर शिंगं, उंची चाळीस मजले. आवाजानं माझ्या छातीत धडधडायला लागलं. तेवढ्यात शेजारी हालचाल झाली. आबांनी पायातल्या चपला काढल्या, खुर्चीचा हात धरून उभे राहिले आणि पडद्याला हात जोडले.

आमच्या गावात सोंग समोरून गेलं की असंच करतात. देव असो की राक्षस, चपला काढून उभं राहायचं. पण हे मागच्या रांगेला कोण सांगणार? एका मुलानं, काका, बसा ना, अशी विनंती केली. आबा मागे वळले आणि समजुतीनं म्हणाले, "बसतो बाबा. त्याला पुढं तर जाऊ दे."

तो काही पुढे जात नव्हता. शहर मोठं होतं. शेवटी मी धोतराला धरून त्यांना खाली बसवलं. दिशाचा फोन या सगळ्यात चालू होता, आणि तिला आपले मार्क डोळ्यांपुढे दिसत होते, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. पण नंतर पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील, आबांनी टोपी नीट केली, मान मागे टाकली आणि घोरायला लागले. राक्षसानं पूल पाडला, विमानं पाडली, टोलेजंग इमारत दातानं फोडली. आबा उठले ते थेट इंटरव्हलला.

बाहेर आल्यावर दिशानं फोन पुढे धरला आणि कसा वाटला सिनेमा म्हणून विचारलं.

"आत माणूस नाय," आबा म्हणाले.

तिला आधी कळलं नाही. मग तिनं समजावून सांगितलं की आजोबा, हे सगळं कॉम्प्युटरवर करतात, आत कुणी नसतंच. आबांनी हे नीट ऐकून घेतलं. त्यांना राग आला नव्हता, पण एखाद्याला पत्रिका देऊन बोलवावं आणि घराला कुलूप असावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"मंग दमतं कोण?" त्यांनी विचारलं.

दिशानं फोन खाली घेतला. मी दोघांना परत आत नेलं. उरलेला अर्धा सिनेमा आम्ही बघितला, आणि आबांनी त्यातला बराचसा वेळ हात टेकायच्या दांड्यावरचं गोल भोक कशासाठी आहे याचा विचार करण्यात घालवला.

घरी येऊन दिशा खट्टू झाली. चार शब्दांचं मत घेऊन ती कॉलेजात काय दाखवणार? आठवडाभर तिनं खटपट केली, आणि मग तिला कळलं की याच राक्षसाचा फार जुना सिनेमा आहे, काळा-पांढरा. त्यात तो कॉम्प्युटरचा नाही. रबराचा जाड पोशाख घालून एक नट आत शिरायचा आणि पुठ्ठ्याच्या शहरातून चालायचा. तिनं हे आबांना सांगितलं तेव्हा ते शेंगा सोलत होते. त्यांनी शेंगांची परडी बाजूला ठेवली आणि म्हणाले, लाव.

तो शनिवार होता. बैठक दुसऱ्या दिवशी. योगेशच्या कंपनीला सुट्टी, आणि तो स्वयंपाकघरात मिक्सर उघडून बसला होता. मिक्सरला काही झालेलं नव्हतं. घरात बसून कुणाशी बोलायचं नसलं की तो काहीतरी उघडतो. आम्ही तिघं हॉलमध्ये टीव्हीपुढे बसलो. दिशानं फोन टीपॉयवर उभा केला.

या वेळी आबांनी पापणी लववली नाही. राक्षस पाण्यातून वर आला, आबांनी हात जोडले, आणि लगेच पुढे वाकून बारकाईनं बघायला लागले. मग त्यांचं सुरू झालं. कुस्तीच्या फडाशेजारी बसलेले जुने पैलवान बोलतात ना, तसं अर्धं स्वतःशी आणि अर्धं आम्हाला.

मुखवट्याच्या डोळ्यांतून त्याला दिसत नाही, असं त्यांनी आधी सांगितलं. भोकं गळ्याजवळ असणार, म्हणून तो मान ताठ ठेवून चालतो. मग म्हणाले, शेपटी तो स्वतः हलवत नाही, वरून कुणीतरी ओढतंय, आणि ओढणारा नवखा आहे. आत घाम लय. पाऊल टाकल्यावर तो जरा थांबतो, ते भीती दाखवायला नाही, तळपाय ओला होऊन आत सरकतो म्हणून. मी म्हटलं, आबा, घर कसं पाडलं ते बघा. ते म्हणाले, घर काय, पुठ्ठ्याचं हाय. तो उजव्या पायावर जोर देतोय ते बघ. डावा गुडघा गेला त्याचा.

दिशा तर टीव्ही सोडून त्यांच्याकडेच बघायला लागली होती. मीही. इतक्या वर्षांत त्यांनी मला सोंगाबद्दल कधी इतकं सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं, ते जाऊ दे.

एकच गोष्ट त्यांना सापडत नव्हती. याचा पुढचा माणूस कुठं आहे, असं ते सारखं विचारत होते. याला धरलंय कोणी? दिशा म्हणाली की सिनेमात तसं कुणी नसेल, त्याला एकट्यालाच चालायचं असेल. आबांना हे अजिबात पटलं नाही. एवढं ओझं घालून माणसाला एकटं सोडत नसतात, असं ते म्हणाले.

आणि मग तो पडला. रेल्वे स्टेशनावरून जाताना विजेच्या तारांत त्याचा पाय अडकला आणि तो आडवा झाला. छोटे छोटे डबे उडाले. क्षणभर तो तसाच पडून राहिला. मग एक हात टेकला, गुडघ्यावर आला, सावकाश उठला आणि दोन्ही हात वर करून ओरडला.

"परत लाव," आबा म्हणाले.

दिशानं परत लावलं. तो परत पडला, परत उठला. आबांनी तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर त्यांनी हातानंच थांबव म्हणून खूण केली. टीव्हीवर तो राक्षस एका गुडघ्यावर थांबून राहिला.

"हे ठरलेलं नव्हतं," ते म्हणाले. "खरा पडला तो. पण त्या लोकांनी बघ, काढून नाय टाकलं. कोणी म्हणलं नाय का तो घाबरला म्हणून. राहू दिलं."

एवढं बोलून ते मागे टेकले. मला वाटलं, झालं मत. दिशालाही तसंच वाटलं असावं, कारण ती फोनकडे हात नेत होती. आबा टीव्हीकडे बघतच बोलायला लागले, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक झाला होता.

"योगेश पडला तव्हा पटका माझ्या हातात होता. मी पुढं होतो. देवळाजवळ तालुक्याचे पाहुणे आले होते, त्यांनी माझ्या पुढं टोपी-टॉवेल केला. नारळ होता त्याच्यावर. मानाची वस्तू एका हातानं घेत नाय. मी दोन्ही हात पुढं केले."

आमच्याकडे कुणी टोपी-टॉवेल-नारळ पुढे केला तर दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावायचा असतो. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आबांच्या जागी कुणीही असता तरी त्याचे हात तसेच पुढे झाले असते. पण पटका सुटला, वळण आलं, आणि नळाच्या पाईपसाठी खणलेला चर होता.

"लोकांनी इचारलं, काय झालं. मी म्हणलो, पोरगं घाबरलं," आबा म्हणाले. "पाहुण्यांच्या देखत तोंडातून निघून गेलं. मंग ते परत घेता येईना. तो टॉवेल तुझ्या सासूनं वापरायला काढला, तर मी दांडीवरून काढून जाळला. तिला वाटलं, मला खूळ लागलं."

स्वयंपाकघरातला स्क्रूड्रायव्हरचा आवाज केव्हा थांबला ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. योगेश दारात उभा होता. हाताला तेल, आणि बोटांत मिक्सरचा एक स्क्रू. दिशानं फोन उचलला आणि बंद केला. या मुलीनं न सांगता केलेलं हे पहिलं शहाणपणाचं काम.

"मला माहीत होतं, आबा," योगेश म्हणाला. "पटका ढिला झाला की आतल्याला कळतं."

आबांनी मान वळवली. "मंग बोलला का नाय?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो."

मला दोघांचाही इतका संताप आला की सांगता सोय नाही. बावीस वर्षं. त्यातली शेवटची दोन-तीन तर माझ्या हातच्या भाकरी खात, एकाच ताटलीतली मिरची घेत, एका छपराखाली दोन बाप्ये एका वाक्यासाठी थांबून बसले होते. एकानं ते बोलायचं होतं आणि दुसऱ्यानं विचारायचं होतं. हळदीत तो विनोद ऐकून मीही हसले होते, तेही मला आठवलं, आणि मग रागाचं रडू झालं. मी पदरानं डोळे पुसले आणि मुकाट्यानं चहाचं आधण ठेवायला उठले, कारण कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

आत गेले तर ओट्यावर मिक्सरचे अठरा तुकडे. चहा गाळून घेऊन आले तोवर योगेश आबांच्या शेजारी बसला होता. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. टीव्हीवरच्या राक्षसाकडे बघत होते. आबांचा हात योगेशच्या गुडघ्यावर होता आणि त्याला तेल लागू नये म्हणून योगेशनं आपले हात वर धरले होते.

चहा अर्धा झाल्यावर योगेशनं वाल्मीकला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. महिषासुरासाठी माझं नाव लिहून घे, एवढंच तो म्हणाला. पलीकडे वाल्मीकभाऊजी हसले आणि या वेळेला चर बुजवून ठेवतो, असं म्हणाले. योगेश चिडेल असं मला वाटलं. तो चिडला नाही. पडलो तर उठेन, असं त्यानं सांगितलं. मग भाऊजींनी विचारलं की पुढं कोण चालणार. आबांच्या गुडघ्याचं त्यांना माहीत होतं, तर ते स्वतः पटका धरायला तयार होते. आमच्या भावकीतली दोन-तीन धडधाकट नावंही त्यांनी सांगितली.

योगेशनं कप खाली ठेवला. "पटका आबांच्याच हातात राहील," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाच्या हातात मी देणार नाही."

आबांनी हातानं नको नको केलं. पाय चालत नाही, मी मागं पडेन, सोंग खोळंबेल. योगेश म्हणाला, मग सावकाश चालू, सोंगाला कुठं गाडी पकडायची असते. मग त्यानं फोन ठेवला. दिशानं नाक ओढलं. आबा आपल्या दोन्ही तळहातांकडे बघत होते, उलटे-सुलटे करून, शेतावरून आल्यावर काटे बघतात तसे. मग त्यांनी मला हाक मारली.

"छाया, यंदा पण कोणी टोपी-टॉवेल घेऊन पुढं आलं तर?"

"मी तुमच्या शेजारी चालणार आहे," मी म्हणाले. "माझे दोन्ही हात मोकळे असतील. मी घेईन."

बायका सोंगाबरोबर चालत नाहीत, असं ते म्हणतील म्हणून मी पुढचं भांडण तयार ठेवलं होतं. त्यांनी थोडा विचार केला, आणि चालंल, असं म्हणून उरलेला चहा बशीत ओतला.